व्याजाचा रकाना

आजचं वचन: नहेम्या ५:१-१३
सोबत वाचा: निर्गम २२:२५-२७



नहेम्याचा ५ वा अध्याय मी आजवर नेहमी घाईत वाचत आलो. तिसऱ्यात भिंत कोणी कुठे बांधली त्याची यादी आहे, चौथ्यात शत्रूंचा धोका आहे, सहाव्यात भिंत पूर्ण होते. मधला पाचवा म्हणजे कर्जाची भांडणं, असं समजून मी पुढे जायचो. मागच्या शनिवारनंतर तसं करता येईना.

शनिवारी आमच्या मंडळीचा तरुण संघ घर बांधायला गेला होता. खरंच घर. कर्जतच्या पुढे एका कातकरी पाड्यावर एका कुटुंबाचं कुडाचं घर पावसात बसलं होतं, तिथे एक ख्रिस्ती संस्था विटांचं पक्कं घर उभारत होती आणि तिला दिवसभर राबणारे हात हवे होते. आम्ही चौदा जण गेलो. त्यातले नऊ आयटीतले. सकाळी साडेआठला आमच्या हातात घमेली आणि फावडी आली आणि दहा वाजेपर्यंत आमच्या जिमचं पितळ उघडं पडलं.

माझ्याकडे आधी विटा भिजवायचं काम होतं. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते, मग सांधा धरत नाही, म्हणून विटा आधी पाण्यात टाकायच्या. मग साखळी करून त्या गवंड्यापर्यंत पोचवायच्या. दुपारी गवंडीकाकांनी मला एक थर लावून बघायला दिला. मी मन लावून लावला. त्यांनी ओळंबा सोडला, एक डोळा बारीक केला आणि काही न बोलता माझ्या चार विटा उचलून पुन्हा बसवल्या. कोड रिव्ह्यूमध्ये इतकी शांत टिप्पणी मला कधी मिळाली नव्हती.

ज्यांचं घर होतं ते दादाही आमच्याबरोबरच राबत होते. पन्नाशीचे असतील, किंवा उन्हाने तसे दिसत असतील. मी दोन विटा उचलायचो, ते सहा. जेवायला बसलो तेव्हा कळलं की ते आणि त्यांची बायको दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. आयुष्यभर विटा पाडल्या, आणि विटेची भिंत असलेलं हे पहिलंच घर.

संस्थेची ताई त्यांना कागद समजावत होती. घर पत्नीच्याही नावावर लागेल, सामानाचा खर्च देणगीतून, तुमचा वाटा म्हणजे तुमची मेहनत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही उचल फेडायची कुठल्या भट्टीवर?"

ताई म्हणाली, "दादा, ही उचल नाही."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मला समजावलं, कारण मी शेजारीच बसलो होतो. पावसाळ्यात घरात काही नसतं, तेव्हा मालकाचा माणूस येतो आणि उचल देतो. मग सीझनभर विटा पाडायच्या. हजार विटांमागे ठरलेला दर. खर्चीला पैसे मिळतात ते वहीत चढतात, आजारपण चढतं. सीझन संपला की मालक वही उघडतो. "काम केलं तेवढं केलं, पण वहीत तेवढंच उरतंय," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पाऊस पडतो असं सांगावं तसं सांगितलं.

मी मान हलवली, चेहऱ्यावर योग्य ते दुःख आणलं. आणि पोळीचा घास हातात असतानाच मला माझी स्वतःची वही आठवली.

ती वही एक स्प्रेडशीट आहे. नाव आहे "दादा".

हा दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तो तिथेच राहतो, टेम्पो चालवतो. लहानपणी सुट्टीत गेलो की मला सायकलच्या दांडीवर बसवून रविवारी देवळात नेणारा तोच. (आमच्याकडे अजूनही चर्चला देऊळच म्हणतात.) चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या घराची मागची भिंत खचली आणि पत्रे उडाले. त्याने मला फोन केला. लहान भावाकडे पैसे मागताना त्याचा आवाज कसा झाला होता ते मला आठवतं. मी लगेच १ लाख ८० हजार पाठवले. यूपीआयच्या मर्यादेमुळे दोन दिवसांत पाठवावे लागले. बायकोला म्हणालो, देवाने दिलंय तर द्यायलाच हवं. स्वतःवर खूश होतो.

मग मी शीट उघडली. तारीख, दिलेली रक्कम, आलेली रक्कम, बाकी. इतकंच असतं तर ठीक होतं. पण मी पाचवा रकाना जोडला. हेच पैसे मुदत ठेवीत असते तर किती झाले असते? वर्षाला ७ टक्के. मी स्वतःला सांगितलं की हे फक्त माहितीसाठी आहे.

चार वर्षांत दादाने जमेल तसे ४० हजार परत केले. कधी दोन हजार, कधी पाच. आणि माझा पाचवा रकाना त्याच चार वर्षांत ४० हजारांच्या पुढे गेला. म्हणजे माझ्या शीटप्रमाणे त्याने काहीच फेडलं नव्हतं. काम केलं तेवढं केलं, वहीत तेवढंच उरतंय.

यंदा जानेवारीत मी त्या शीटचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला. खाली लिहिलं, "घाई नाही, फक्त कल्पना असावी म्हणून." त्याने हात जोडलेली इमोजी पाठवली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. ईस्टरला आम्ही गावी गेलो तेव्हा त्याला नेमकं भाडं लागलं होतं.

आता नहेम्याकडे या.

जेरुसलेमची भिंत चालू आहे. सनबल्लट आणि तोबीया टपून बसलेत. लोक एका हाताने काम करतात, दुसऱ्या हातात शस्त्र आहे. ६:१५ सांगतं की ही भिंत ५२ दिवसांत पूर्ण झाली. ज्यांनी रिलीजच्या आधीचे आठवडे पाहिलेत त्यांना हा दाब कळेल. अशा वेळी कोणी टीममधली जुनी भांडणं काढली तर आपण काय म्हणतो? आधी डिलिव्हरी होऊ दे, मग बघू.

पण ५ व्या अध्यायात आरडाओरड होते, आणि ती शत्रूंविरुद्ध नसते. लोक आणि त्यांच्या बायका आपल्याच भावांविरुद्ध ओरडतात. एक गट म्हणतो, घरात माणसं खूप, धान्य नाही. दुसरा म्हणतो, दुष्काळात खायला मिळावं म्हणून शेतं, मळे, घरं गहाण टाकली. तिसरा म्हणतो, राजाचा कर भरायला कर्ज काढलं आणि आता आमची मुलं गुलाम होताहेत. ज्यांच्याकडून कर्ज घेतलं ते कोण? तेही त्याच भिंतीचे लोक. यातले काही जण सकाळी भिंतीवर शेजारी शेजारी उभे राहून दगड चढवत असतील आणि संध्याकाळी एक दुसऱ्याच्या घराचा गहाणखताचा मालक असेल.

नहेम्याला राग येतो. आणि तो मोठी सभा बोलावतो. भिंत अपुरी, शत्रू दारात, आणि हा माणूस कर्जाच्या विषयावर सभा घेतो! शहराची भिंत उभी राहील आणि आतली घरं गहाण पडलेली असतील, तर त्याने काय राखलं?

पण मला अडवलं ते १० व्या वचनाने. तिथे नहेम्या श्रीमंतांकडे बोट दाखवून थांबत नाही. तो कबूल करतो की मी, माझे भाऊ आणि माझे चाकर, आम्हीही या लोकांना पैसे आणि धान्य उसनं देतोय. मग म्हणतो, हे व्याज आता सोडून देऊ. "तुम्ही सोडा" म्हणत नाही, स्वतःला त्यात धरतो. देवाच्या कामाचा पुढारी, दररोज प्रार्थना करणारा, भिंतीसाठी राजवाडा सोडून आलेला माणूस, आणि त्याचंही नाव त्या वहीत होतं. हे वचन मी इतक्या वेळा वाचलं असेल, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

नहेम्या नवा कायदा काढत नाही. निर्गम २२ मध्ये देवाने आधीच सांगून ठेवलंय: माझ्या लोकांतल्या गरिबाला पैसे दिलेस तर सावकारासारखा वागू नकोस, त्याच्यावर व्याज लावू नकोस. आणि लगेच पुढे पांघरुणाची गोष्ट येते. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे. त्याच्याकडे तेवढंच आहे, तो काय अंगावर घेऊन झोपणार? त्याने माझ्याकडे हाक मारली तर मी ऐकेन, असं देव म्हणतो.

म्हणजे कर्ज देणाऱ्याने संध्याकाळी विचार करायचा तो हा, की ज्याला दिलं तो आज रात्री झोपेल का? माझ्या शीटमध्ये तो रकाना नव्हता.

काही जण विचारतील, मग गृहकर्जाचं व्याज, मुदत ठेव, हे सगळं पाप का? मला तसं वाटत नाही. प्रभू येशूच्या रुपयांच्या दृष्टांतात (मत्तय २५) धनी आळशी चाकराला म्हणतो की निदान पैसे पेढीवर तरी ठेवायचे होतेस. निर्गमातलं वचन धंद्याच्या पैशाबद्दल नाही. ते अडलेल्या माणसाबद्दल आहे, ज्याच्या घराचे पत्रे उडालेत. त्याच्या अडचणीतून मी कमवू नये, इतकं सरळ आहे. मी कमवत नव्हतो, नुसतं मोजत होतो, असं मी स्वतःला म्हणत होतो. पण मोजलेलं मी त्याला पाठवलं होतं.

याच वचनावर काही लोकांनी घरं बांधून दाखवलीत. तुमच्यापैकी अनेकांनी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचं नाव ऐकलं असेल. तिची मुळं अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया फार्म या शेतावर आहेत. १९४२ मध्ये क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या साथीदारांनी ते सुरू केलं. जॉर्डन शेतीचे पदवीधर आणि ग्रीक नव्या कराराचे अभ्यासक. त्या शेतावर गोरे आणि काळे एकत्र राबत आणि एकत्र जेवत, आणि हे त्या काळात आसपासच्यांना सहन होणारं नव्हतं. १९५० च्या दशकात त्यांच्यावर बहिष्कार पडला, हल्ले झाले. गावात माल विकता येईना म्हणून त्यांनी शेतातले पिकॅन टपालाने विकून शेत जगवलं.

तिथे मिलर्ड फुलर नावाचा वकील आला. तिशीच्या आतच लक्षाधीश झालेला, आणि त्या धावपळीत संसार मोडायच्या बेतात आलेला. पत्नी लिंडाशी समेट झाला तेव्हा दोघांनी संपत्ती देऊन टाकायचं ठरवलं. १९६८ मध्ये ते कोइनोनियात राहायला आले आणि जॉर्डनबरोबर एक योजना बसली: शेजारच्या गरीब कुटुंबांसाठी घरं बांधायची, नफा नाही, व्याज नाही. कुटुंबाने स्वतः राबायचं आणि मुद्दल हप्त्याने फेडायचं. फेडलेले पैसे एका निधीत जातील आणि त्यातून पुढच्या कुटुंबाचं घर बांधलं जाईल. १९६९ मध्ये जॉर्डन वारले. फुलर दांपत्याने पुढे आफ्रिकेत, त्या वेळच्या झाईरमध्ये, हाच प्रयोग केला आणि परत येऊन १९७६ मध्ये हॅबिटॅटची स्थापना केली.

आपल्या देशात हे काम १९८३ मध्ये खम्मममध्ये सुरू झालं. आणि २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली परिसरात १०० घरं बांधायला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नी रोझलिनसह आले होते. आपण पुणे-लोणावळा लोकलने नाहीतर एक्सप्रेसवेने जिथून सर्रकन जातो, तिथेच. कार्टर स्वतः सुतारकाम करायचे. २०१९ मध्ये ९५ व्या वर्षी घरात पडून त्यांच्या कपाळाला टाके पडले, तरी ते नॅशव्हिलला घरबांधणीच्या कामावर गेले होते. आणि ही घरं कोणाची? कुठल्याही धर्माच्या गरजू माणसाची. शनिवारी आम्हीही त्या कातकरी दादांना त्यांचा देव कोणता ते विचारलं नाही. त्यांनीच संध्याकाळी आमच्या पाळकांना म्हटलं, तुमच्या देवाला सांगा, छप्पर टिकू दे.

देशोदेशी आता पैशाची रीत वेगवेगळी आहे. पण त्या मूळ योजनेत मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. त्यांनी "घे, फुकट" असं म्हटलं नाही आणि "घे, पण माझा फायदा बघ" असंही म्हटलं नाही. मुद्दल फेड, पण ते माझ्या खिशात येणार नाही, तुझ्यासारख्याच दुसऱ्याच्या भिंतीत जाईल. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण तोही देणारा होतो.

शनिवारी रात्री घरी आलो. तळहाताला फोड आले होते. मंडळीच्या ग्रुपवर फोटो येत होते, "देवाची स्तुती असो" चालू होतं, माझाही विटांसकट फोटो होता. मी शीट उघडली आणि पाचवा रकाना काढून टाकला. पाच सेकंदांचं काम. मग लक्षात आलं की हे कोणालाच कळणार नाही. नहेम्याने लोकांना मनातल्या मनात माफ करायला सांगितलं नव्हतं. शेतं, मळे, घरं परत द्या, घेतलेला शंभरावा हिस्साही परत द्या, आणि आजच द्या, असं सांगितलं. याजकांसमोर शपथ घ्यायला लावली आणि आपल्या अंगरख्याचा ओटा झटकून दाखवला.

माझं लगेच धाडस झालं नाही. खरं सांगतो, रविवारची उपासना झाली, प्रभुभोजन झालं, तरी फोन केला नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, "तू कालपासून त्या विटभट्टीवाल्या मालकाला शिव्या घालतोयस. दादाला फोन कधी करणार?"

केला. दादाने उचलला. मागे टेम्पोच्या इंजिनाचा आवाज होता. मी म्हणालो, "दादा, जानेवारीत मी जे पाठवलं ते चुकलं. व्याज कधीच नव्हतं, नाहीये. मी मोजायला नको होतं. मला माफ कर."

बराच वेळ फक्त इंजिन.

मग तो म्हणाला, "तू हिशेबाचा पक्का आहेस, लहानपणापासून." थोड्या वेळाने, "मी फेडणार आहे. माझ्याच्याने राहवत नाही."

मी म्हणालो, "फेड. पण मी ठेवणार नाही. जे येईल ते बाजूला ठेवू आणि आपल्या भावकीत पुढचे पत्रे ज्याचे उडतील त्याला देऊ. बिनव्याजी. कोणाला द्यायचं ते तू सांग, तुला गावातलं जास्त कळतं."

पुन्हा शांतता. मग त्याने विचारलं, "जेवलास का?"

आमच्या घरात याचा अर्थ काय होतो हे मी तुम्हाला समजावून सांगू शकणार नाही. नाताळला तो येईल का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी त्याने दोन हजार पाठवले, आणि खाली एका नात्यातल्या विधवा मावशीचं नाव लिहिलं. तिच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतं म्हणे.

मित्रांनो, बाहेर जाऊन सेवा करणं चांगलंच आहे. जा. जमेल तिथे घमेलं उचला, फोड येऊ द्या. अनोळखी माणसासाठी केलेलं काम प्रभू विसरत नाही. पण अनोळखी माणसाबरोबर उदार होणं मला सोपं गेलं. त्याचा माझ्याशी हिशेब नव्हता. शनिवारी मी एका दिवसात एका भिंतीचे काही थर चढवले, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका घरात, जिथे मी लहानपणी झोपलोय, माझ्या व्याजाच्या रकान्याने एका माणसाची झोप उडवली होती. नहेम्याच्या देवाला दोन्ही घरं दिसत होती.

आजचं पाऊल: तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल. पैशांची असेल, उपकारांची असेल, "मी त्याच्यासाठी इतकं केलं" अशी मनातली असेल. ती आज उघडा. जो रकाना देवाने सांगितला नाही तो काढून टाका. आणि सूर्य मावळायच्या आत त्या माणसाला कळवा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू सुताराच्या घरात वाढलास, तुला घर बांधणाऱ्यांचे हात माहीत आहेत. आमचं देणं फिटणार नव्हतं तेव्हा तू आमची वही फाडून टाकलीस. आम्ही मात्र भावांच्या वह्या जपून ठेवल्या. आम्हाला क्षमा कर. जे छप्पराविना झोपतात त्यांची हाक तू ऐकतोस, ती आम्हालाही ऐकू येऊ दे. त्या पाड्यावरचं नवं घर पावसात टिकू दे, आणि आमच्या हातून कोणाच्या घरावर नवं ओझं न पडू दे. तुझ्या नावात मागतो. आमेन.